मांजर राहू द्या, हात धुवा

आवणी संपत आली की माझ्या मनोरच्या दवाखान्यात पोटुशी बायका जास्त येतात. दिवसदिवस वाकून कंबर धरलेली असते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. गेल्या पावसाळ्यात अशीच एक पहिलटकरीण सासूबरोबर आली. तिसरा महिना होता. पायांबद्दल ती बोललीच नाही. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला आणि रडायला लागली. ‘टॉर्च’चा, म्हणजे गर्भाला बाधणाऱ्या जंतूंसाठी करतात त्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट होता. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीपुढे आयजीजी आणि आयजीएम, दोन्ही प्रतिपिंडं पॉझिटिव्ह. सासूने त्याच संध्याकाळी घरचं मांजर गोणीत घालून हायवेपलीकडे सोडून दिलं होतं.

तो कागद कसा वाचायचा, ते आधी सांगते. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे हा परजीवी तुमच्या शरीरात कधीतरी शिरला आणि शरीराने त्याची ओळख ठेवली. दिवस जाण्याआधीच हे घडलं असेल आणि बाईची प्रतिकारशक्ती चांगली असेल, तर बाळाला धोका जवळजवळ नसतो. काळजी असते ती गरोदरपणात पहिल्यांदाच लागण होण्याची. आयजीएम ताज्या लागणीची खूण मानतात खरी, पण ते रक्तात कित्येक महिने, कधी वर्षभरसुद्धा रेंगाळतं. नुसत्या आयजीएमवरून पोट पाडायचा विचार कुणी बोलून दाखवला की माझा जीव कळवळतो. अशा वेळी ॲव्हिडिटी, म्हणजे आयजीजीची जंतूवरची पकड किती घट्ट आहे, ते तपासायचं असतं. पहिल्या तीन महिन्यांत ॲव्हिडिटी जास्त निघाली, तर लागण दिवस जाण्याआधीची. या मुलीची तशीच निघाली. आणि दोनतीनदा पोट पडलं म्हणून टॉर्च करून घेणाऱ्यांना एक सांगायचंय. वारंवार गर्भपात होण्याचं कारण सहसा हा जंतू नसतो, ते दुसरीकडे शोधावं लागतं.

भारतातल्या प्रजननक्षम वयाच्या बायकांची एक पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. देशभरात २२.४ टक्के बायकांच्या रक्तात आयजीजी सापडलं, पश्चिम भारतात मात्र फक्त ८.८ टक्के. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक बायकांची या जंतूशी गाठच पडलेली नाही, आणि ती नेमकी गरोदरपणात पडू शकते. निगेटिव्ह रिपोर्टवाल्यांनीच जास्त सांभाळायला हवं, ते यामुळे.

मग तो येतो कुठून? मांजरातून, हे खरंच आहे. पण अंगाखांद्यावर खेळणाऱ्या मांजरातून सहसा नाही. मांजराला उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन पहिल्यांदा लागण होते, तेव्हा दोनतीन आठवडे त्याच्या विष्ठेतून या जंतूची कवचबंद बीजं पडतात. ती पडल्या पडल्या बाधत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. नंतर मात्र ओल्या मातीत ती वर्षभरही टिकतात. आपली मांजरं कुठे बसतात, ते आठवा. अंगणातली भुसभुशीत माती, परसातला वाफा, घरकुलासाठी आणून टाकलेला रेतीचा ढीग. त्याच रेतीची घमेली पोटुशी बाई उचलते, त्याच हातांनी दुपारी भाकरी मोडते. वेलीवरची काकडी पदराला पुसून तिथेच खाते. मला भीती वाटते ती या हातांची आणि या काकडीची. काकडी भरपूर पाण्यात चोळून धुवा. मातीत हात घातला की साबण लावा, नखांच्या आतसुद्धा. घरात मांजराची घाण असेल तर ती रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी काढावी.

दुसरी वाट मटणाची. बोकडाच्या, डुकराच्या मांसात हा जंतू गाठी करून बसतो. निखाऱ्यावर वरवर भाजलेली कलेजी गरोदर बाईने खाऊ नये. मटण आतपर्यंत शिजलेलं हवं, कुठे लाल राहता कामा नये. ज्या विळीवर मटण कापलं तिच्यावर तशीच कांदा-काकडी चिरू नका, विळी आणि हात आधी साबणाने धुवा. शेळीचं दूध तापवूनच प्या.

तिसरी वाट पाण्याची. विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकली की पाणी निर्धोक, असा आपला समज. जुलाबाच्या जंतूंवर ती चालते, पण या जंतूचं कवच क्लोरीनला दाद देत नाही. २००४-०५ मध्ये कोइमतूरला या जंतूमुळे डोळ्याचा पडदा सुजलेले रुग्ण एकामागून एक यायला लागले, तेव्हा संशय शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयावर गेला. पावसाळ्यात तरी पोटुशीला उकळून गार केलेलं पाणी द्या.

लागण झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. कधी बारीक ताप येतो, मानेत गाठी येतात, थकवा जात नाही. गरोदरपणात मानेला गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा. पहिल्या तीन महिन्यांत लागण झाली तर ती शंभरातल्या साधारण दहा-पंधरा बाळांपर्यंत पोचते, पण पोचली तर घाव मोठा असतो: डोक्यात पाणी साठतं, मेंदूला इजा होते. शेवटच्या तीन महिन्यांत साठाहून जास्त बाळांपर्यंत पोचते. ही बाळं जन्मतः ठणठणीत दिसतात आणि डोळ्याचं दुखणं पुढे कित्येक वर्षांनी वर येतं. ताजी लागण नक्की झाली तर उपाय आहेत. अठराव्या आठवड्याच्या आत स्पायरामायसिन देतात, नंतर गर्भजलाची तपासणी करून औषधं ठरवतात. ही औषधं आपल्या मनाने दुकानातून आणू नका.

पुढच्या तपासणीला ती मुलगी सासूबरोबरच आली. मांजर तीन दिवसांनी आपलं आपणच परत आलं होतं आणि कणगीखाली व्यायलं होतं. पिल्लांचं काय करायचं, सासूने विचारलं. म्हटलं, राहू द्या. फक्त त्यांची घाण तुम्ही काढा, सूनबाईला काढू देऊ नका.