थुंकीचा अहवाल आणि गेलेले पाच महिने

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला म्हटला की छत्रपती संभाजीनगर परिसरात प्रथम टीबीची, म्हणजे क्षयाची, शंका घेतली जाते. ती रास्तच आहे, परंतु फुप्फुसाच्या कर्करोगातही थुंकीतून रक्त, घटणारे वजन आणि एक्स-रेवरील डाग हीच चिन्हे दिसत असल्याने, तपासणीने सिद्ध न झालेल्या शंकेवर उपचार रेंगाळले की मोलाचा काळ हातचा जातो. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांच्या बाबतीत नेमके हेच घडले. तीस वर्षे विडी ओढलेल्या या गृहस्थांच्या थुंकीत जंतू सापडले नसतानाही केवळ एक्स-रेवरून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, आरंभी भूक किंचित सुधारल्याने घरच्यांनी समाधान मानले, आणि पुढे आवाज घोगरा झाला तरी कोर्स पुरा होऊ द्यावा म्हणून सारे पाच महिने थांबले. स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस छातीतून वळसा घेऊन वर येते. गाठीने ती दाबली की आवाज बसतो, आणि तोवर बहुधा शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते, हे कुटुंबाला बायोप्सीनंतर, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्यानंतर, कळले.

थुंकीत जंतू न सापडल्याने क्षय नाहीच असे ठरत नाही. म्हणून सीबीनॅट, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, आग्रहाने मागावी, आणि सुमारे दोन महिन्यांच्या औषधांनंतरही डाग तसाच राहिला तर सीटी स्कॅन लांबवू नये. सिद्ध झालेल्या क्षयाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने थांबवणे घातक ठरते.

कर्करोगाचे निदान झाल्यावर आमखास मैदानाजवळील शासकीय कर्करोग रुग्णालयात, जे घाटी या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाशी संलग्न आहे, शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी मिळू शकते आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभही तपासता येतो. गाठीतील ईजीएफआर या जनुकातील बदल आढळल्यास काही रुग्णांना तोंडाने घ्यायच्या लक्ष्यवेधी गोळ्या लागू पडतात. यास्तव ही तपासणी केमोथेरपीपूर्वीच विचारावी.

धूम्रपानाचा या रोगाशी असलेला संबंध डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५० सालीच दाखवला होता; चुलीचा धूर आणि खडी क्रशरची सिलिका-धूळ यांमुळे हा रोग कधीही विडी न ओढलेल्यांनाही होतो. लेखकाच्या धाकट्या भावाने व्यसनमुक्तीच्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन केला, तो वडील किरणोपचाराच्या रांगेत बसलेले असताना.