न तोडलेली पानं

चि. रेवास,


तुझी नेमणूक गोंडपिपरी तालुक्यात झाल्याचं ताईनं कळवलं. फार आनंद झाला. निघण्याआधी एक सांगते. आपल्याकडची मंडळी आदिवासी म्हाताऱ्याकोताऱ्यांपाशी बसतात ती बहुधा गाणी, गोष्टी, झाडपाल्याची औषधं टिपून घ्यायला. तूही टिपून घे. पण आधी विचार, की जंगलातून तुम्ही काय आणत नाही, आणि का?

त्याच तालुक्यात पाचगाव आहे, बरीचशी वस्ती गोंडांची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूचे पैसे गावात येऊ लागले. मग प्रश्न आला विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याचा. ऐन उन्हाळ्यात, शेतात काम नसताना, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून घरात रोकड येते. पण कोवळी, मोठी पानं फुटावीत म्हणून झाडं छाटतात, जंगलात आग लावतात. त्या आगीत उगवती रोपं जातात, भुईवरची घरटी जातात. छाटलेल्या झाडाला फळ धरत नाही, आणि तेंदूची ही फळं, टेंभरं, तर माणसांपासून अस्वलापर्यंत सगळ्यांचाच खाऊ. ग्रामसभेनं ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचा नाही.

हे ऐकून 'किती निसर्गप्रेमी माणसं!' म्हणून मोकळी होऊ नकोस. हातावर पोट असलेल्या घरांनी दरवर्षीची रोकड सोडली, त्यामागं झाडाची, आगीची, पाखरांची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण आहे. भामरागडकडं माडिया लोक मरका पंडुमचा सण झाल्याशिवाय नवा आंबा तोंडात घालत नाहीत. अगदी कोवळ्या कैऱ्या झाडावरच राहतात. हात आवरायची सवय या लोकांना कायद्याच्या कितीतरी आधीपासूनची.

पण नुसती जाण पुरत नाही, बाळा. जंगल दुसऱ्याच्या ताब्यात आणि गावकरी ठेकेदाराचा मजूर, असं असतं तेव्हा म्हाताऱ्याला सगळं कळूनही त्याच्या शब्दाला किंमत नसते. हक्क हाती आला म्हणून पाचगावाला 'नको' म्हणता आलं. ज्ञानाचं कौतुक करायचं आणि हक्काच्या दाव्याची फाईल धूळ खात ठेवायची, हा दुटप्पीपणा मला सहन होत नाही. तुझ्या टेबलावर तो होऊ देऊ नकोस.

जमलं तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखालाही जाऊन ये. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं होतात. एकाचं जरी अडलं तरी बोलणं पुन्हा सुरू. सभा लांबली म्हणून घड्याळाकडं बघू नकोस. बायका काय म्हणतात ते नीट ऐक. मोहफुलं वेचायला बहुतेक त्याच जातात.

आणि अहवाल लिहिलास की वर पाठवण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखव. ते म्हणतील तिथं खोडून दुरुस्त कर, मगच सही कर.

तुझी,
मावशी