आमच्या घरात उगवलेला चारा

मातीशिवाय उगवलेले पीक तुम्ही पाहिले काय? मी पाहिले. तेही आमच्याच घरात.

१ जुलैला कृषिदिन असतो. आपल्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक यांचा तो जन्मदिवस. त्या दिवशी गुरुजींनी सांगितले की, मोठ्या शहरांजवळ इमारतीत एकावर एक कप्पे करून भाजी पिकवतात. माती नसते. मुळांना खत मिसळलेले पाणी देतात व सूर्याऐवजी दिवे लावतात. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका प्राध्यापकांनी १९९९ साली आपल्या विद्यार्थ्यांसोबत अशा उंच शेतीचा विचार सुरू केला. गोव्यात मात्र कप्प्यांवर मक्याचा चारा उगवून पाहिला आहे.

घरी सांगितले तर आजी म्हणाली, "मातीबिगर? मंग थे पीक खाते काय?" मला उत्तर आले नाही.

मार्चमध्ये कुटार संपत आले, तेव्हा आम्ही करून पाहिले. बाबांनी बांबूची मांडणी केली. एक किलो मका रात्रभर भिजवला, एक दिवस ओल्या पोत्यात बांधला. मोड आल्यावर ट्रेमध्ये पसरला. पण ट्रेला भोके पाडायची राहिली. पाणी साचले, आंबूस वास आला, पांढरी बुरशी चढली. माय म्हणाली, "हे बकरीले देऊ नको." सगळा मका उकिरड्यावर गेला. मला रडू आले, कारण तो विकायच्या पोत्यातला होता.

दुसऱ्या वेळी भोके पाडली. दिवसातून पाच-सहा वेळा पाणी शिंपडले. आठव्या दिवशी वीतभर हिरवे कोंब आले, खाली मुळांची चटई. तोलले तर पाच किलो! मी नाचलो. गुरुजी म्हणाले, "त्यात बहुतेक पाणीच आहे. वाळवले तर एक किलोही भरणार नाही." तरी बकरीने मुळासकट खाल्ले. तिला हिरवे पाहिजे होते.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. दाण्यातच कोंबाची शिदोरी असते. आठ दिवस ती पुरते. पुढे मात्र पाण्यातून खत आणि भरपूर उजेड द्यावा लागतो. दिव्यांचे वीजबिल फार येते, म्हणून शहरातले लोक कप्प्यांत लवकर येणारी पालेभाजी लावतात. ज्वारी, कापूस लावत नाहीत.

कोणाला करायचे असल्यास पेरणीचे औषध लावलेले बियाणे घेऊ नका. ते जनावराला विषारी असते. आणि भोके आधी पाडा.

— इयत्ता ४ थी