आधी शो, मग रीस्टार्ट

तारापूर एमआयडीसीत रात्रपाळीला नेट गेलं की कुणीतरी म्हणणारच, "बंद करून चालू कर ना!" ऐकू नकोस. सिस्कोच्या राउटरचा लॉग सहसा रॅममध्ये असतो. वीज काढलीस की पुरावाही गेला. आधी कन्सोल केबल लाव, पुट्टीत स्पीड 9600 ठेव, लॉगिंग चालू कर आणि 'टर्मिनल लेंग्थ 0' दे, म्हणजे पानोपानी स्पेसबार दाबत बसावं लागणार नाही. 'शो'ने सुरू होणारी कमांड फक्त दाखवते, कॉन्फिग बदलत नाही. ती बिनधास्त दे. जपायचं ते 'डीबग'ला. भर कामाच्या वेळी त्याने राउटर गुदमरतो.

पहिली 'शो व्हर्जन'. अपटाइम दहा मिनिटांचा दिसला आणि खाली कारण 'पॉवर-ऑन' असलं, तर लिंकवाल्याला शिव्या घालू नकोस, यूपीएसची बॅटरी बघ. 1969 पासून शेजारी अणुवीज तयार होते, पण आपल्या केबिनमधली लाइट जायची ती जातेच.

मग 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ'. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन' म्हणजे कुणीतरी हाताने पोर्ट बंद केलाय. वायर तपासत फिरू नकोस. दोन्ही रकान्यांत नुसतं 'डाऊन' असेल तर केबल, पोर्ट किंवा समोरचं यंत्र. पण खरी फसवणूक 'अप-अप'मध्ये आहे. आपल्याकडे फायबर येतो मीडिया कन्व्हर्टरपर्यंत, तिथून राउटरपर्यंत साधी लॅन केबल. रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडला तरी कन्व्हर्टरला वीज आहे तोवर राउटरला बऱ्याचदा सगळं आलबेल दिसतं. तेव्हा 'शो आयपी एआरपी' दे. नेट देणाऱ्या कंपनीच्या गेटवेसमोर मॅक पत्त्याऐवजी 'इनकम्प्लीट' आलं, की पलीकडून कुणी ओ देत नाहीये. आता त्या कंपनीला फोन लाव, आणि तक्रार नोंदवताना हीच ओळ वाचून दाखव. "नेट चालत नाही" म्हटलंस तर तेही तुला रीस्टार्टच करायला सांगतील.

लिंक आहे पण रडतखडत, असं असेल तर 'शो इंटरफेस'. त्यात सीआरसीचा आकडा बघ, पाच मिनिटांनी परत बघ. जुना, गोठलेला आकडा काही सांगत नाही, वाढणारा सांगतो. इथली खारी हवा आणि रसायनांच्या वाफा तांब्याच्या पिना खातात, म्हणून माझा पहिला संशय कनेक्टरवर. तो बदलूनही आकडा चढत राहिला तर दोन्ही टोकांचं डुप्लेक्स जुळतंय का पाहा.

'शो लॉगिंग' वाचण्याआधी 'शो क्लॉक' दे. वेळेच्या आधी चांदणी असेल तर त्या घड्याळावर विसंबू नकोस. लॉगमधली वेळ आणि पाळीच्या वहीतली वेळ जुळेलच असं नाही.

एवढं करूनही रीस्टार्ट करायचीच वेळ आली, तर 'शो रनिंग-कॉन्फिग' आणि 'शो स्टार्टअप-कॉन्फिग' शेजारी ठेवून बघ. दिवसपाळीच्या पोराने रूट टाकला आणि 'राइट' करायला विसरला, तर तो फक्त रनिंगमध्ये दिसेल, आणि रीस्टार्टनंतर कुठेच नाही.

आणि ही कॉन्फिग ग्रुपवर फोटो काढून टाकू नकोस. 'पासवर्ड 7' असं लिहिलेल्या ओळी गिचमिड दिसतात, पण सहज उलगडतात. पाठवायचीच असेल तर त्या ओळी पुसून पाठव.