घाटाचा राजा

डिसेंबरातील एखाद्या पहाटे साडेपाचच्या सुमारास तुम्ही वसईच्या रस्त्यावर उभे राहिलात, तर एक निराळाच नाद तुमच्या कानी पडेल. तो मोटारीचा नसतो आणि पहिल्या गाड्या गाठण्यासाठी स्टेशनाकडे धावणाऱ्या रिक्षांचाही नसतो. नवे कापड फाडावे तसा सर् सर् आवाज दुरून येतो, क्षणभर वाढतो आणि धुक्यात विरून जातो. तेवढ्या अवधीत पाच-सहा सायकली एकामागून एक तुमच्यासमोरून निघून गेलेल्या असतात. डोक्यावर शिरस्त्राण, पाठ कमानीसारखी वाकलेली आणि नजर पुढच्याच्या मागील चाकावर खिळलेली! ही मुले शर्यतीची तयारी करणारी असतात.

त्यांतील एक मुलगा माझा विद्यार्थी होता. त्याच्या वडिलांची केळीची लहानशी वाडी होती. तो पहाटे साडेचारला उठे. चाकांतील हवा बोटांनी चाचपून पाही, साखळीला तेलाचे दोन थेंब देई आणि घरातील कोणाची झोप न मोडता बाहेर पडे. महामार्गावर मालमोटारींची वर्दळ वाढण्यापूर्वी शिरसाड फाटा गाठायचा, तेथून पारोळवरून वज्रेश्वरीकडे जायचे आणि शाळेची घंटा होण्यापूर्वी परतायचे, असा त्यांचा क्रम असे. पुढच्याला खड्डा दिसला की तो हाताने खूण करी आणि ओरडे, "खड्डा!" तीच आरोळी मागच्या प्रत्येकाने पुढे पोचवायची. एकाने जरी आळस केला, तरी त्याच्या मागचे सगळे एकमेकांवर कोसळणार. माझ्या वर्गात हा मुलगा कधी कधी डुलक्या घेई हे खरे. पण एवढ्या मोठ्या आवाजात आणि एवढ्या वेळेवर उत्तर देणारी दुसरी शिस्त मी शाळेत तरी पाहिली नाही.

त्याच्या सदऱ्याला पाठीमागे खिसे असत आणि त्यांत आजीने केलेली सुकेळी असत. आमच्या आगाशीच्या बाजूला राजेळी केळी उन्हात वाळवून ती करतात. मऊ, मधासारख्या रंगाची आणि अतिशय गोड. दूरच्या पल्ल्याच्या सायकलस्वाराने भूक लागण्याची वाट पाहायची नसते. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो जोराच्या श्रमांत दीड-दोन तासांत सरत येतो. एकदा तो सरला म्हणजे पाय शिशाचे होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग कितीही खाल्ले तरी गेलेला वेळ परत येत नाही. म्हणून चालत्या सायकलीवरच एक हात मागे नेऊन थोडे थोडे खात राहावे लागते. परदेशी स्वार यासाठी महागड्या वड्या विकत घेतात. आमच्या मुलाचे काम आजीच्या सुकेळ्यांवर भागत असे.

वसईचा किनारा सपाट आहे. येथे घाट नाही. पण वारा आहे. भूगोलात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकला आहात. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहणारे ते खारे. भुईगाव, कळंब, अर्नाळा या बाजूला दुपारनंतर सायकल घेऊन जा, म्हणजे त्यांची खरी ओळख पटेल. वारा नसला तरी सायकलस्वार स्वतःच्या वेगाने समोरची हवा कापीत असतो, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. समोरून वारा आला तर मग विचारूच नका! परंतु पुढच्या स्वाराच्या अगदी मागे, हातभर अंतर ठेवून, जो चालतो त्याला हवा आधीच दुभंगलेली मिळते. वेगाने जाताना त्याचे श्रम सुमारे एक तृतीयांशाने वाचतात. म्हणून शर्यतीत संघातील मुले पाळीपाळीने पुढे येतात. ज्याच्यावर जिंकण्याची भिस्त असते, त्याला मात्र शेवटपर्यंत आडोशालाच ठेवतात. बाकीचे वारा खातात, त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणतात आणि पायांत त्राण उरले नाही की मागे पडतात.

महाराष्ट्रात सायकल शर्यत म्हटली की जुन्या माणसांना मुंबई-पुणे शर्यत आठवते. अनेक दशके ती गाजली. सुमारे दीडशे किलोमीटरांची ही वाट. पण लोकांची खरी गर्दी होई ती बोरघाटात. खोपोली सोडली की रस्ता उभा राहतो. शिंग्रोबाच्या देवळावरून वळणे घेत घेत खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची चढायची. येथे वेग कमी होतो, त्यामुळे दुसऱ्याच्या आडोशाचाही उपयोग उरत नाही. ज्याचे त्याने चढायचे. जो सर्वांत आधी माथ्यावर पोचे, त्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळे. पुण्यात पहिला कोण आला हे एखादा विसरेल. घाटाचा राजा मात्र लोकांच्या लक्षात राही. आमच्या मुलालाही तोच किताब हवा होता.

दहावीची परीक्षा झाल्यावर तो जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या शर्यतीला गेला. संघातला दुसरा मुलगा जिंकला. वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र आले. आमचा मुलगा सतरावा आला. त्याने सत्तर-ऐंशी किलोमीटर वारा अंगावर घेतला होता, हे बातमीत कोठेच नव्हते. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि ओटीवर बसून राहिला.

"सर, आई विचारते, सतरावा येण्यासाठी एवढ्या पहाटे उठायचे काय?" थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी म्हणजे संघाचा पाणक्याच की."

पैठणला नाथांच्या घरी कावडीने पाणी आणणाऱ्या श्रीखंड्याची कथा माझ्या ओठांवर आली होती. परंतु देवाची गोष्ट सांगून मुलाचे दुःख झाकणे मला बरे वाटले नाही. मी त्याला एका माणसाचीच गोष्ट सांगितली.

फ्रान्स देशात 1903 पासून 'टूर द फ्रान्स' नावाची शर्यत होते. ती एका दिवसाची नाही. सुमारे तीन आठवडे चालते आणि दोन पर्वतराजी ओलांडते. सर्वांच्या पुढे असलेला स्वार पिवळा सदरा घालतो. 1934 साली फ्रान्सच्या संघात रेने व्हिएतो नावाचा वीस वर्षांचा तरुण होता. पूर्वी तो एका हॉटेलात निरोप्याचे काम करी. आल्प्स पर्वतात त्याने असे चढ चढून दाखवले की सारा देश त्याच्या नावाने वेडा झाला. पिवळा सदरा मात्र त्याच्याच संघातील आंतोनँ मान्ये याच्या अंगावर होता.

पुढे पिरेनीज पर्वतात एका उतारावर मान्ये पडला आणि त्याचे चाक मोडले. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून त्याला दिले. मान्ये निघून गेला. व्हिएतो रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसला, मोडकी सायकल शेजारी, आणि मदतीची गाडी येईपर्यंत रडत राहिला. कोणीतरी ते छायाचित्र टिपले. आजही ते पाहायला मिळते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मान्येची सायकल निकामी झाली. या वेळी व्हिएतो पुढे होता. तो उलटा फिरला, आलेली वाट पुन्हा चढून गेला आणि त्याने आपली संपूर्ण सायकल मान्येला देऊन टाकली.

"मग?" मुलाने विचारले.

"मान्ये शर्यत जिंकला. व्हिएतो पाचवा आला. डोंगरातल्या चढांचे बक्षीस, म्हणजे आपल्या घाटाच्या राजासारखे, ते मात्र त्यालाच मिळाले."

"आणि पुढच्या वर्षी? तो पहिला आला?"

"नाही. टूर त्याला कधीच जिंकता आली नाही."

मी खोटे बोललो असतो तर त्याला बरे वाटले असते, हे मला समजत होते. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "सर, रडत होता म्हणजे त्याला चाक द्यायचे नव्हते का?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशीही देता आले नाही. "द्यायचे असेल, आणि रडायलाही आले असेल," एवढेच मी म्हणालो.

तो उठला. अंगणात जाऊन त्याने आपली सायकल उलटी केली, आसनावर आणि हँडलवर उभी केली आणि पुढच्या चाकाजवळ गुडघे टेकून बसला.

"सर, तुमच्या घड्याळात सेकंदाचा काटा आहे ना? मी चाक किती वेळात काढतो ते मोजा."

मी चष्मा लावला आणि मनगट उजेडाकडे वळवले.