खिडकी उघडली, बटण मात्र गप्प

पायथॉनमध्ये खिडक्या आणि बटणं बनवण्याच्या टीकेइंटर या साधनात सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक दोन कंसांची असते. एका गृहनिर्माण संस्थेचा हिशेबनीस देखभाल शुल्काची बिलं काढण्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहीत होता. आधीची पायथॉन स्क्रिप्ट उत्तम चालायची, पण काळ्या पडद्यावर आकडे टाकणं समितीतल्या ज्येष्ठांना जमेना. म्हणून त्याने खिडकी करायला घेतली. चार ओळींत खिडकी उभी राहिली, पाचवीत बटण आलं. गंमत पुढे झाली. प्रोग्रॅम सुरू होताच, कुणी हात न लावता, बिल जतन झालं आणि नंतर बटण कितीही दाबलं तरी काही होईना.

बटणाच्या ‘कमांड’पुढे त्याने फंक्शनचं नाव कंसांसकट लिहिलं होतं. कंस म्हणजे ‘आत्ता चालव’. ते फंक्शन बटण घडतानाच चाललं आणि बटणाच्या हाती उरलं ते रिकामं उत्तर. पायथॉनच्या लेखी यात चूक काहीच नाही, त्यामुळे तक्रारही नाही. कंस काढले, काम झालं.

त्याच दिवशी त्याने बारा महिन्यांची बारा बटणं लूपमध्ये तयार केली. फंक्शनला महिना कळवायचा म्हणून लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, वापरला, तर कुठलंही बटण दाबा, बिल डिसेंबरचंच! लॅम्डा महिन्याची किंमत बटण दाबल्यावर शोधतो आणि तोवर लूप संपून डिसेंबरवर थांबलेला असतो. ‘लॅम्डा महिना=महिना’ असं लिहिलं की प्रत्येक बटण आपापला महिना घडतानाच धरून ठेवतं.

असे घोटाळे अनेकदा जवळून पाहिल्यावर मला त्यांचं मूळ एकच दिसतं. साधी स्क्रिप्ट वरून खाली चालते, तिचा क्रम लिहिणारा ठरवतो. खिडकीत तो वापरणाऱ्याच्या हाती जातो आणि ‘मेनलूप’ त्याच्या क्लिकची वाट पाहत बसतो. ही अदलाबदल अंगवळणी पडेपर्यंत धडपड ठरलेली.

बिलांची पीडीएफ करताना हेच झालं. ‘बिलं तयार होत आहेत’ असं लेबल दाखवून शेकडो फाइली करायच्या, असा बेत. लेबल दिसलंच नाही. खिडकी पांढरी पडली, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. पडदा रंगवणं हे मेनलूपचं काम आणि मेनलूप तर त्या फंक्शनच्या परतीची वाट पाहत अडकलेला. अशा वेळी एक बिल करावं आणि पुढच्यासाठी ‘आफ्टर’ने बोलावणं लावून मोकळं व्हावं. काम वेगळ्या थ्रेडवर टाकलंच, तर त्या थ्रेडमधून खिडकीला हात लावू नये. निकाल रांगेत ठेवावा आणि तो ‘आफ्टर’ने उचलावा.

मुळात टीकेइंटरच्या आतलं टीके पायथॉनचं नाहीच. जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीत 1988 मध्ये टीसीएल ही भाषा घडवली, पाठोपाठ तिच्यासाठी टीके केलं आणि या जोडीला 1997 चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. टीकेइंटर आजही आतल्या टीसीएलशीच बोलतो, म्हणून त्याच्या काही तक्रारी परक्या वाटतात. एकाच चौकटीत ‘पॅक’ आणि ‘ग्रिड’ दोन्ही वापरलं तर जुन्या आवृत्त्यांत दोघांची जागेवरून ओढाताण संपायचीच नाही, प्रोग्रॅम गोठायचा. आता निदान चूक तरी दाखवली जाते. चौकटी वेगळ्या असतील तर दोन्ही खुशाल वापरा.

एंट्रीच्या चौकोनातून येतो तो मजकूर, संख्या नव्हे. 1500 आणि 250 थेट जोडले की 1500250 मिळतात. एखाद्या सभासदाचे डोळे पांढरे व्हायला एवढं बिल पुरे! ‘इंट’ लावायलाच हवं. कौतुकाची गोष्ट ही की देवनागरीत २५० टाइप केलं तरी ‘इंट’ ते मुकाट्याने ओळखतो. हजाराचा स्वल्पविराम मात्र त्याला चालत नाही.

मागचा काळा पडदा लपवण्यासाठी फाइलीला ‘पीवायडब्ल्यू’ हे शेपूट लावण्याची घाई करू नका. बटणामागे झालेली चूक त्या काळ्या पडद्यावरच उमटते. तो गेला की बटण नुसतंच गप्प बसतं. हिशेबाची फंक्शनं वेगळ्या फाइलीत ठेवा, म्हणजे खिडकी न उघडताही ती तपासता येतील.

उबुंटूवर ‘पायथॉन3-टीके’ वेगळं बसवावं लागतं. तिथे मराठी मजकुराचाही भरवसा धरू नका, जोडाक्षरं सुटी पडू शकतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. ज्या संगणकावर प्रोग्रॅम चालायचा आहे, त्याच्यावर ‘शिल्लक’ आणि ‘क्षेत्रफळ’ ही दोन लेबलं आधी लावून पाहा आणि मगच बाकीची खिडकी बांधायला घ्या.