पाच उदाहरणे आणि एक मोठी संख्या

३, ५, ७ या विषम संख्या मूळसंख्या आहेत असे पाहून एखादा विद्यार्थी ‘सर्व विषम संख्या मूळसंख्या असतात’ असे म्हणतो. पुढचीच ९ ही संख्या त्याची चूक दाखविते. परंतु चूक दाखविणारे उदाहरण नेहमी इतके जवळ असतेच असे नाही. हे मुलांना पटावे म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी वरच्या वर्गांत पुढील पाठ घेऊन पाहावा.

फळ्यावर २ लिहून क्रमाने वर्ग करीत जावे : २, ४, १६, २५६, ६५,५३६. प्रत्येकीत १ मिळविला म्हणजे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळसंख्या आहेत. या रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळसंख्याच असावी, असे मत फ्रान्समधील गणिती फेर्मा यांनी १६४० मध्ये मांडले. आपणांस सिद्धता सापडलेली नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले.

आता ६५,५३६ चा वर्ग करून त्यात १ मिळवावा. ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. ती मुलांकडून वाचवून घ्यावी : चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लक्ष, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. नंतर परिचित कसोट्या लावाव्यात. एकंस्थानी ७ असल्याने २ व ५ यांनी भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९ असल्याने ३ ने जात नाही. एकाआड एक अंकांच्या बेरजा २१ व ३८ असून त्यांतील अंतर १७ आहे, म्हणून ११ नेही जात नाही. वर्ग बहुधा ‘मूळसंख्या’ असा निर्णय देईल.

१७३२ मध्ये ऑयलर या गणितीने हा निर्णय खोटा ठरविला. या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवास ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, असे त्यांनी सिद्ध केले. असे पहिले पाच मूळ अंक १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ हे होत. पहिल्या चारांनी भाग जात नाही. ६४१ ने निःशेष जातो. भागाकार ६७,००,४१७ येतो.

हा गुणाकार मुलांनी स्वतः करावा आणि नऊचा ताळा पाहावा. ६४१ चा ताळा २, ६७,००,४१७ चा ७; त्यांचा गुणाकार १४, म्हणजे ५. मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ५९, म्हणजे १४, म्हणजे ५. ताळा जुळतो. तथापि ताळा जुळला एवढ्याने गुणाकार बरोबरच असतो असे नाही, हेही येथेच सांगावे.

६५,५३७ च्या पुढे या मालिकेत आजवर एकही मूळसंख्या सापडलेली नाही. आपणही पुष्कळदा चार उदाहरणे देऊन नियम सांगतो. अशा वेळी ‘गुरुजी, हे नेहमीच खरे असते का?’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर तो उद्धटपणा न मानता त्याचे कौतुक करावे. गणिताचा अभ्यास त्या प्रश्नापासूनच सुरू होतो.